सेवा करायला आले, शिकून राहिले: बैगांच्या जंगलाची बाजू मांडणारे व्हेरियर एल्विन

उन्हाळ्याचे शेवटचे दिवस. मैकल डोंगररांगेतला एक उतार. काही आठवड्यांपूर्वी तोडून पसरून ठेवलेली झाडंझुडपं आता कडकडीत वाळली आहेत. कुणीतरी त्यांना आग लावतं. आग विझल्यावर मागे उरतो तो राखेचा थर. आता फक्त पहिल्या पावसाची वाट बघायची.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे दृश्य दोन माणसांनी पाहिलं असतं तर दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या असत्या. जंगल खात्याच्या साहेबाला सरकारचं लाकूड जळताना दिसलं असतं. तिथल्या बैगा आदिवासीला आपलं वर्षभराचं धान्य दिसलं असतं.

साहेबाकडे कायदा होता, शिक्का होता, नकाशा होता. बैगाकडे यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे कुणाचं म्हणणं खरं ठरलं हे वेगळं सांगायला नको.

पण १९३० च्या दशकात एक इंग्रज माणूस या डोंगरात येऊन राहिला आणि त्याने बैगांची बाजू पुस्तकात लिहून काढली. हा माणूस ना शेतीतज्ज्ञ होता, ना जंगलतज्ज्ञ. तो ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र शिकलेला पाद्री होता. नाव, व्हेरियर एल्विन.

आज ग्रामसभेला जंगलाचा हक्क, आदिवासींचं पारंपरिक ज्ञान, वनहक्क कायदा हे शब्द आपल्या कानावर सतत पडतात. त्यामागची भांडणं जुनी आहेत, आणि त्यातलं एक मोठं पान एल्विन यांचं आहे. त्यांच्या बरोबर ठरलेल्या गोष्टींसाठी तर त्यांची गोष्ट वाचावीच, पण चुकलेल्या गोष्टींसाठीही वाचावी.

बिशपचा मुलगा पुण्यात येतो

एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधल्या डोव्हर इथं झाला. वडील अँग्लिकन चर्चचे बिशप, पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये नेमलेले. मुलगा लहान असतानाच ते गेले. घरात कडक धार्मिक वातावरण. मुलाने चर्चमध्येच नाव काढायचं हे जणू ठरलेलंच होतं.

मुलगा हुशार निघाला. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमधून त्याने इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळवला. पुढची वाट सरळ होती. ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापकी करायची, पुस्तकं लिहायची, एक दिवस वडिलांसारखं बिशप व्हायचं.

पण १९२७ मध्ये एल्विन बोटीत बसले आणि भारतात आले. मुक्काम होता पुणे. पुण्यात जॅक विन्स्लो नावाच्या पाद्र्याने ख्रिस्त सेवा संघ ही संस्था सुरू केली होती. खादी घालायची, जमिनीवर बसून जेवायचं, भारतीय पद्धतीने राहून ख्रिस्ती धर्म पाळायचा, अशी तिथली रीत. एल्विन यांच्या मनात साम्राज्याबद्दल अपराधीपणाची भावना होती. आपल्या देशाने इथल्या लोकांकडून घेतलं, त्याची थोडीफार परतफेड करावी, असं त्यांना वाटत होतं.

पुण्यात दोन गोष्टी घडल्या.

पहिली म्हणजे गांधीजी. १९२८ मध्ये एल्विन साबरमतीला गेले आणि गांधीजींच्या प्रभावाखाली आले. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांनी उघडपणे काँग्रेसची बाजू घेतली. एका इंग्रज पाद्र्याने असं करणं म्हणजे सरकार आणि चर्च, दोघांचाही रोष ओढवून घेणं होतं.

दुसरी म्हणजे शामराव हिवाळे. हा मराठी ख्रिस्ती तरुण ख्रिस्त सेवा संघातच एल्विन यांना भेटला आणि पुढची अनेक वर्षं त्यांच्या सोबत राहिला. एल्विन यांचं नाव झालं, पण दवाखाना चालवणं, आजाऱ्यांना औषध देणं, गावकऱ्यांची भांडणं ऐकून घेणं ही रोजची कामं शामरावांनी ओढली. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधान समाजावर त्यांनी स्वतःही एक पुस्तक लिहिलं, ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झालं.

करंजियाची झोपडी

गावात जाऊन काम करायचं हे ठरलं, पण कुठं? जमनालाल बजाज यांनी सुचवलं, गोंडांमध्ये जा. त्यांच्याकडे ना मिशन लक्ष देतंय, ना काँग्रेस.

१९३२ च्या सुरुवातीला एल्विन आणि शामराव अमरकंटकजवळच्या करंजिया गावात पोचले. तेव्हा हा भाग मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यात होता, आज तो मध्य प्रदेशातल्या डिंडोरी जिल्ह्यात येतो. त्यांनी मातीच्या भिंतींची घरं बांधली. शाळा सुरू केली, दवाखाना सुरू केला, कुष्ठरोग्यांसाठी आसरा उभा केला. संस्थेचं नाव ठेवलं गोंड सेवा मंडळ.

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या. एल्विन आले तेव्हा त्यांच्या डोक्यात एक ठरलेला आराखडा होता. लोकांना शिकवायचं, सुधारायचं, सूत कातायला लावायचं, दारू सोडवायची. आश्रमातून आलेला माणूस दुसरं काय करणार?

पण काही दिवसांतच हा आराखडा कोलमडायला लागला. जिथं कापूस पिकत नाही तिथं सूत कशाला कातायचं? ज्या समाजात मोहाच्या दारूशिवाय देवाची पूजा होत नाही आणि लग्न लागत नाही, तिथं दारूबंदीचा उपदेश कोण ऐकणार? हळूहळू एल्विन यांच्या ध्यानात आलं की आपण ज्यांना शिकवायला आलो त्यांच्याकडे स्वतःची एक घडी आहे. ती समजून घेतल्याशिवाय आपलं इथं काही काम नाही.

चर्चशीही त्यांचं बिनसलं. नागपूरच्या बिशपांनी त्यांना काम करण्याचा परवाना नाकारला. एल्विन यांना धर्मांतर करायचं नव्हतं, आणि सरकारशी निष्ठेची भाषाही करायची नव्हती. १९३५ मध्ये त्यांनी चर्च सोडलं. आता त्यांच्याकडे पद नव्हतं, पगार नव्हता. होती ती लेखणी आणि ऐकून घेण्याची सवय.

बेवर म्हणजे नेमकं काय?

करंजियाच्या आसपासच्या जंगलात बैगा राहायचे. गोंडांच्या गावात बैगाला मान होता. तो पुजारी, तो वैदू. जमिनीच्या हद्दीवरून वाद झाला तर बैगाचा शब्द मानला जायचा, कारण या मातीतला सगळ्यात जुना रहिवासी तोच अशी समजूत होती. त्यांचं दुसरं नावच भूमिया, म्हणजे भूमीचा माणूस.

हे बैगा नांगर धरत नसत. त्यांच्या कथेनुसार देवाने पहिल्या बैगाला, नंगा बैगाला, कुऱ्हाड दिली आणि सांगितलं की धरती ही आई आहे, नांगराने तिची छाती फाडू नकोस. त्यांची शेती म्हणजे बेवर.

बेवरची पद्धत अशी. जंगलातला उतारावरचा एक तुकडा निवडायचा. त्यावरची झाडंझुडपं तोडून तिथंच वाळू द्यायची. पावसाच्या तोंडावर ती जाळायची. राखेत कोदो, कुटकी, मका, वाल, काकडी असं बरंच बी फेकून द्यायचं. नांगरणी नाही, खत विकत आणणं नाही. दोन-तीन वर्षं पीक घेतलं की तो तुकडा सोडून द्यायचा आणि पुढच्या तुकड्यावर जायचं. सोडलेल्या जागेवर पुन्हा जंगल उभं राहायला बरीच वर्षं द्यायची आणि मगच तिकडे परत वळायचं.

हे ऐकताना आपल्याला परकं वाटेल, पण मावळात आणि कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात ते आठवा. पालापाचोळा आणि शेण पसरून वाफा जाळायचा, मग त्यात बी टाकायचं. रायगडच्या डोंगरातल्या कातकरी आणि ठाकरांच्या दळी आठवा, जिथं उतारावर नाचणी आणि वरी घ्यायची पद्धत होती. गडचिरोली-बस्तरच्या माडियांची पेंडा शेती आठवा. ईशान्य भारतात याच पद्धतीला झूम म्हणतात. जागा बदलली की नाव बदलतं, पण मूळ विचार एकच.

यात ज्ञान कुठं आहे? तर प्रत्येक पायरीवर आहे.

जाळल्यामुळे झाडात साठलेली खनिजं राखेतून जमिनीला मिळतात. तणाचं बी जळतं, त्यामुळे पहिल्या वर्षी खुरपणीचं काम कमी होतं. नांगर न लावल्यामुळे उतारावरची माती मोकळी होत नाही आणि झाडांची मुळं जमिनीत राहिल्यामुळे ती धरून ठेवली जाते. त्याच मुळांतून पुढे नवे कोंब फुटतात, म्हणजे जंगल परत यायची सोय आधीच झालेली असते. एकाच तुकड्यात अनेक पिकं असल्यामुळे ती वेगवेगळ्या वेळी तयार होतात. एक बुडालं तर दुसरं हाताला लागतं. ज्या घरात धान्याचं कोठार नाही त्या घरासाठी हाच विमा.

पण या सगळ्याला एक अट आहे. जमीन पुरेशी हवी आणि सोडलेल्या तुकड्याला विश्रांती मिळायला हवी. ती विश्रांती कापली की हीच पद्धत डोंगर उघडे पाडते. लोकांना छोट्या जागेत कोंबलं की ते लवकर लवकर त्याच तुकड्यावर परत येतात, जंगल उभं राहायला वेळच मिळत नाही. मग साहेब म्हणायला मोकळा, बघा, यांनीच जंगलाची वाट लावली.

एल्विन यांनी नेमकी हीच गाठ पकडली.

चोवीस हजार एकरांचा पिंजरा

एल्विन यांनी बैगांसोबत राहून त्यांच्या कथा, मंत्र, औषधं, शेती सगळं टिपून ठेवलं. त्याच्या जोडीला त्यांनी सरकारी अहवालही वाचले. त्यातून जी गोष्ट बाहेर आली ती अशी.

१८६० च्या दशकापासून मध्य प्रांतात सरकारने बेवरवर बंधनं घालायला सुरुवात केली. तो रेल्वेचा काळ होता. रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर लागत होते आणि त्यासाठी सालाचं लाकूड उत्तम. १८७८ च्या वन कायद्याने मोठमोठी जंगलं राखीव झाली. ज्या झाडाकडे बैगा येणाऱ्या हंगामाची राख म्हणून बघत होता, ते झाड आता सरकारी मालमत्ता झालं.

बैगांना नांगर आणि बैल देऊन शेतकरी बनवायचे प्रयत्न झाले. पण ज्याने आयुष्यात कधी बैल जुंपला नाही आणि ज्याच्या धर्मात नांगर हेच पाप आहे, त्याच्या हातात नांगर देऊन एका पिढीत शेतकरी तयार होत नसतो. अनेक बैगा शेजारच्या संस्थानांच्या हद्दीत निघून गेले.

शेवटी १८९० मध्ये सरकारने एक तोडगा काढला. मंडला जिल्ह्यातला सुमारे चोवीस हजार एकरांचा एक भाग बाजूला काढला आणि त्याला नाव दिलं बैगा चक. बेवर करायची तर इथं करा, बाकी जंगलात नाही. ही जागा का निवडली? कारण ती इतकी आडबाजूला होती की तिथून लाकूड बाहेर काढणं परवडत नव्हतं. सरकारच्या दृष्टीने निरुपयोगी जागा बैगांच्या वाट्याला आली.

एल्विन यांना दिसलं की बेवर बंद झाल्याने फक्त धान्य कमी झालं नव्हतं. बैगांचा स्वतःवरचा विश्वास गेला होता. बेवर गेली तेव्हापासून आपल्या मंत्रांची ताकद गेली, वाघ ऐकेनासे झाले, आजार वाढले, असं त्यांना वाटत होतं. बाहेरच्या माणसाला ही अंधश्रद्धा वाटेल. पण त्यामागचा अर्थ सरळ आहे. कोणतं झाड कधी तोडायचं, कोणत्या उतारावर काय पेरायचं, कुठला कंद कुठल्या महिन्यात खणायचा, हे ज्ञान वहीत लिहिलेलं नव्हतं. ते दरवर्षी हाताने करून टिकत होतं. काम थांबलं की एका पिढीत ज्ञानही पुसलं जातं.

लोखंड गाळणाऱ्यांचं काय झालं

हीच गोष्ट एल्विन यांना आगरियांमध्ये पुन्हा दिसली. आगरिया ही याच डोंगरातली लोखंड गाळणारी जमात. दगडातून कच्चं लोखंड ओळखायचं, कोळसा तयार करायचा, मातीची छोटी भट्टी उभारायची, पायाने भाता चालवायचा आणि लोखंड गाळायचं. त्यांचा देव लोहासुर, त्यांच्या कथा भट्टीच्या, त्यांचं सगळं जगणं आगीभोवती.

पण भट्टीला कोळसा लागतो आणि कोळशाला जंगल. जंगल राखीव झालं, कोळशावर बंधनं आली, भट्टीवर कर बसला. दुसरीकडे कारखान्याचं स्वस्त लोखंड बाजारात आलं. आगरियांचं कसब कमी पडलं असं नव्हे, त्यांचा कच्चा माल कुलूपबंद झाला. १९४२ मध्ये आलेल्या एल्विन यांच्या आगरियांवरच्या पुस्तकात एका कारागिरीचा असा शेवट नोंदवलेला आहे.

वाद पेटतो

१९३९ मध्ये बैगांवरचं त्यांचं जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झालं. त्याच्या शेवटी एल्विन यांनी एक उपाय सुचवला. आदिवासींसाठी एक मोठा राखीव प्रदेश करा, राष्ट्रीय उद्यानासारखा. तिथं सावकार, ठेकेदार, व्यापारी, मिशनरी यांना मोकळं रान नको. बैगांना बेवर करू द्या, शिकार करू द्या, त्यांच्या पद्धतीने जगू द्या.

झालं. टीकेचा भडिमार सुरू झाला. माणसांना प्राणिसंग्रहालयात ठेवायचं आहे का, असा सवाल आला. काँग्रेसमधल्या अनेकांना यात इंग्रजांची फोडा आणि झोडा नीती दिसली. आदिवासींमध्ये आयुष्यभर काम केलेले ठक्करबाप्पा हेही एल्विन यांच्या विरोधात होते. त्यांच्या मते आदिवासींना वेगळं ठेवून नाही, तर बाकीच्या समाजात मिसळूनच त्यांचं भलं होणार होतं.

सगळ्यात ठोस उत्तर आलं मुंबईहून. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये या विषयावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं होतं की आदिवासी हे कुणी वेगळे मूळ रहिवासी नाहीत, ते हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक आहेत. शेजारच्या शेतकऱ्यांशी त्यांचं शतकानुशतकं देणंघेणं आहे. त्यांना वेगळं काढणं इतिहासाला धरून नाही आणि देशाच्याही हिताचं नाही.

घुर्ये यांचा एक मुद्दा बिनतोड होता. बंदिस्त प्रदेश ही कल्पना टिकणारी नव्हती, आणि आपण कसं जगायचं हे एल्विन यांच्यापेक्षा आदिवासींनी ठरवायला हवं होतं. एल्विन यांनी पुढे आपली ही मागणी सौम्य केली.

पण या वादात एक प्रश्न मागे पडला. आदिवासी हिंदू की वेगळे, यावर दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं लिहिली गेली. बैगाला त्याचं जंगल परत मिळणार का, या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही.

कोसींची बाजू

एल्विन यांच्याबद्दल लिहिताना एक भाग बऱ्याचदा गुळगुळीत केला जातो. १९४० मध्ये त्यांनी कोसी या राज गोंड मुलीशी लग्न केलं. ती त्यांच्याच शाळेत शिकलेली आणि त्यांच्यापेक्षा वयाने खूप लहान होती. लग्न गोंड रिवाजाने झालं. त्या काळात इंग्रजी वर्तुळात त्याचा मोठा गवगवा झाला.

हे लग्न टिकलं नाही. १९४९ मध्ये घटस्फोट झाला. तो कोलकात्याच्या न्यायालयात झाला आणि कोसींची बाजू तिथं मांडलीच गेली नाही. पुढे एल्विन यांनी पाटनगढच्या लीला यांच्याशी लग्न केलं आणि तो संसार शेवटपर्यंत टिकला. कोसी मात्र डिंडोरी भागातल्या आपल्या गावात राहिल्या आणि त्यांचं बहुतेक आयुष्य गरिबीत गेलं.

आदिवासींचं ऐकून घ्या असं जगाला सांगणाऱ्या माणसाने आपल्या घरातल्या आदिवासी बाईचं म्हणणं ऐकलं का? हा प्रश्न त्यांच्या कामाच्या शेजारीच ठेवायला हवा. ज्ञान नोंदवणारा आणि ज्याचं ज्ञान नोंदवलं जातं तो, यांच्यात ताकद कुणाच्या हातात होती हे त्यातून कळतं. पुस्तकावर नाव एल्विन यांचं आलं. ज्या बैगांनी रात्र रात्र जागून कथा सांगितल्या त्यांची नावं फार थोड्यांना माहीत आहेत.

मैकलमधून थेट चीनच्या सीमेवर

१९४० च्या दशकात एल्विन बस्तर आणि ओडिशाच्या डोंगरांत फिरले. बस्तरच्या मुरियांमधल्या घोटुल या तरुणांच्या वसतिगृहावरचं त्यांचं १९४७ मधलं पुस्तक जगभर गाजलं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अनेक इंग्रज परत गेले, एल्विन थांबले. १९५४ मध्ये त्यांना भारताचं नागरिकत्व मिळालं.

त्याच वर्षी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या सरकारने त्यांना ईशान्य सीमेवर आदिवासी विषयांचे सल्लागार म्हणून नेमलं. या प्रदेशाला तेव्हा नेफा म्हणत, आजचा अरुणाचल प्रदेश. मुक्काम शिलाँगला, पण अर्धं आयुष्य डोंगरातल्या पायवाटांवर.

मंडल्यात एल्विन बाहेरून ओरडणारे होते. इथं ते सरकारच्या आत होते. आणि इथं परिस्थितीही वेगळी होती. बैगांची जमीन सरकारने आधीच घेतली होती. नेफामध्ये जमीन आणि जंगल अजून बऱ्याच अंशी लोकांच्याच ताब्यात होतं. झूम जमिनीवरचा लोकांचा परंपरागत हक्क तिथं १९४७ च्या एका नियमावलीने मान्यही केला होता. म्हणजे मंडल्यातली चूक इथं टाळता येण्यासारखी होती.

इथं एल्विन यांनी एक साधा आग्रह धरला, घाई करू नका. झूम एका फटक्यात बंद करायची भाषा नको. जिथं पायऱ्यांची शेती जमते तिथं ती लोकांच्या संमतीने येऊ दे. आपल्यासमोर उदाहरणं आहेत ना. झिरो खोऱ्यातले आपातानी नांगर आणि बैल न वापरता, पाट आणि बांध यांची चोख व्यवस्था ठेवून पिढ्यानपिढ्या ओली भातशेती करत आले होते. म्हणजे डोंगरातला माणूस एकच एक पद्धत धरून बसतो असं नाही. जमीन बघून तो पद्धत निवडतो.

१९५७ मध्ये नेफाच्या धोरणावरचं त्यांचं पुस्तक आलं. त्याच्या पुढच्या आवृत्तीला नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. त्यात आदिवासी धोरणाची पाच सूत्रं होती, जी पुढे आदिवासी पंचशील म्हणून ओळखली गेली. लोकांचा विकास त्यांच्या प्रकृतीनुसार व्हावा, बाहेरून लादू नये. जमीन आणि जंगलावरचे त्यांचे हक्क मानावेत. कारभार चालवायला त्यांच्यातलीच माणसं तयार करावीत. योजनांचा नुसता मारा करू नये. आणि यशाचं मोजमाप आकडे किंवा खर्च बघून न करता माणसांचं काय झालं ते बघून करावं.

यातलं दुसरं सूत्र पुन्हा वाचा. बैगा चकच्या अनुभवाचा निचोड त्या एका ओळीत आहे.

१९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं आणि नेफाचं धोरण टीकेच्या केंद्रस्थानी आलं. सीमेवरचा प्रदेश बाकी देशापासून तोडून ठेवला, असा आरोप झाला. एल्विन तोवर थकले होते. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला होता. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांचं आत्मचरित्र आलं आणि पुढे त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मग पुढे काय झालं?

बाकी देशात पंचशील बराच काळ कागदावरच राहिलं. जंगल खात्याचा कायदा इंग्रजांचाच होता आणि स्वातंत्र्यानंतरही तोच चालू राहिला. धरणं, खाणी, अभयारण्यं आली आणि जंगलातली माणसं अतिक्रमण करणारी ठरत गेली.

चित्र बदलायला २००६ उजाडावं लागलं. त्या वर्षी संसदेने वनहक्क कायदा केला. जंगलात राहणाऱ्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे या कायद्याच्या प्रस्तावनेतच मान्य केलं आहे. गावाला सामूहिक वनहक्क, ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार, जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क, आणि बैगांसारख्या जमातींना त्यांच्या संपूर्ण वसतिस्थानावरचा हक्क, हे सगळं या कायद्यात आहे.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतः बांबू विकायला सुरुवात केली. कुठला बांबू तोडायचा, कुठला राखायचा हे गावाला आधीपासून कळत होतं. नवी गोष्ट एवढीच होती की आता ते ठरवायचा अधिकार कायद्याने गावाकडे आला.

पारंपरिक ज्ञानावर हल्ली बरंच बोललं जातं. वनौषधींच्या याद्या होतात, भरडधान्याचे महोत्सव भरतात, कोदो-कुटकी सुपरमार्केटच्या फळीवर येते. यात वाईट काही नाही. पण एल्विन यांच्या आयुष्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्ञान आणि जमीन वेगळी करता येत नाही. कोदोचं बी जपून ठेवता येईल, ते पेरणाऱ्याला उतार मिळाला नाही तर कोणत्या उतारावर ते कधी टाकायचं हे सांगणारं कुणी उरणार नाही.

आणि बैगा चकचं काय झालं? डिंडोरी जिल्ह्यातल्या याच बैगा चकमधली सात गावं वनहक्क कायद्याखाली वसतिस्थान हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ठरली. १८९० मध्ये लाकडासाठी निरुपयोगी म्हणून जी जागा सरकारने बैगांना दिली होती, ती त्यांची होती हे मानायला सव्वाशे वर्षं लागली.